एकाचे दोन होतांना

मृग नक्षत्राचा पहिला मोठा पाऊस पडून गेला कीं, नागपूरच्या उत्तरेस पेंच नदीच्या खोऱ्यांतील पारशिवनीच्या शिवारांत रात्रीं झोंप लागणें कठीण होतें. धानाच्या बांध्या नुकत्या भरूं लागलेल्या असतात, रस्त्याच्या कडेचीं डबकीं तुडुंब झालेलीं असतात, आणि इतके दिवस जमिनींत दडून बसलेले बेडूक, जणूं वर्षाची उधारी एका रात्रींत फेडावयाची आहे अशा थाटानें, ओरडत असतात. पहांटे हा गलका थांबतो. मग डबक्याच्या कडेला, गवताच्या काडीला बिलगलेला, खळीसारखा बुळबुळीत असा एक गोळा दृष्टीस पडतो. त्यांत मोहरीएवढे शेंकडों काळे ठिपके असतात. तींच बेडकाचीं अंडीं.

अशीं थोडीं ताजीं अंडीं डबक्याच्याच पाण्यासह वाटींत घ्यावीं आणि साध्या भिंगाखालीं पाहत बसावें. प्रत्येक अंड्याचा वरचा भाग काळसर व खालचा फिकट असतो. बराच वेळ कांहींच घडत नाहीं. मग काळ्या माथ्यावर एक बारीक सुरकुती उमटते. ती दोन्ही बाजूंनीं लांबत जाते, नांगराच्या तासासारखी खोल होते आणि सरकत सरकत खालच्या फिकट भागालाहि वेढून टाकते. पाहतां पाहतां एका गोळ्याचे दोन अर्धगोल होतात. थोड्या वेळानें पहिल्या खांचेला काटकोनांत दुसरी खांच पडते. दोहोंचे चार होतात, चारांचे आठ. असें होत होत त्या मोहरीचें जणूं तुतीचें फळ बनतें.

येथें कोणी सुरी चालविलेली नाहीं, कोणी दोरा ओढलेला नाहीं. मग हा काप घेतला कोणीं? दिसावयास एवढासा असा हा प्रश्न. पण त्याचें समाधानकारक उत्तर मिळावयास शास्त्रज्ञांना दीडशें वर्षें लागलीं. त्या दीडशें वर्षांची कथा आज सांगावयाची आहे. तींत बर्लिनमधील एक उपेक्षित वैद्य आहे, जपानच्या किनाऱ्यावरील एक प्राणिशास्त्रज्ञ आहे, अमेरिकेंतील एक दुर्दैवी कृष्णवर्णीय माता आहे, आणि पुण्याच्या हुजूरपागेंत शिकलेली एक मराठी विदुषीहि आहे.

प्रथम प्रश्न नीट मांडला पाहिजे. आपणां सर्वांचें शरीर एका पेशीपासून सुरू झालें. त्या एकीच्या दोन, दोहोंच्या चार अशा रीतीनें आजच्या असंख्य पेशी झाल्या. आणि आपण येथें बोलत बसलों असतांहि आपल्या हाडांतील मज्जेंत, आंतड्याच्या अस्तरांत व कातडीच्या तळाशीं हें काम अखंड चाललेलेंच आहे. पेशीचें विभाजन म्हणजे एका कुटुंबाची वांटणीच होय. वांटणींत दोन कामें असतात. पहिलें, दागदागिने व जमिनीचे कागद ह्यांचे समान भाग पाडणें. दुसरें, राहत्या घराचे दोन भाग करणें. पेशीचे दागिने म्हणजे तिच्या केंद्रकांतील गुणसूत्रें. त्यांची वांटणी झाली तरी घर एकच राहिलें, तर ती वांटणी पुरी झाली असें कोणी म्हणणार नाहीं.

हें दुसरें काम वनस्पती आणि प्राणी अगदीं निरनिराळ्या रीतींनीं करतात. वनस्पतीच्या पेशीला भोंवतीं टणक भिंत असते. तिला कंबर आवळतां येत नाहीं. म्हणून ती घराच्या मधोमध नवी भिंत घालण्यास आरंभ करते आणि ती कडेपर्यंत वाढवीत नेते. प्राण्याच्या पेशीला असली भिंत नसते. ती बाहेरून आंत चेपत जाते, तिची कंबर बारीक बारीक होते आणि अखेरीस तुटते. आपली कथा ह्या दुसऱ्या प्रकाराची आहे.

बेडकाच्या अंड्यावरील ती खांच सतराव्या शतकांत यान स्वामरडाम नांवाच्या डच निरीक्षकानें पाहिली होती. परंतु त्याचें तें लेखन त्याच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनीं, १७३७-३८ मध्यें, छापलें गेलें आणि त्यांतील त्या निरीक्षणाचें मर्म कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. पुढें १८२४ मध्यें प्रेव्हो व द्यूमा ह्या दोघांनीं बेडकाच्या अंड्यावर खांचा कशा क्रमानें पडत जातात ह्याचें व्यवस्थित वर्णन प्रसिद्ध केलें. १८३४ मध्यें कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर ह्या थोर गर्भशास्त्रज्ञानें असें दाखविलें कीं, ह्या खांचा केवळ पृष्ठभागावरच्या रेघा नसून अंडें आरपार विभागलें जात असतें. तरीहि ह्या सर्वांना आपण पेशीचें विभाजन पाहत आहों हें ठाऊक नव्हतें. कारण प्राण्यांचें शरीर पेशींचें बनलेलें असतें हा सिद्धान्तच अद्याप जन्मास यावयाचा होता.

तो सिद्धान्त १८३८-३९ मध्यें श्लायडेन व श्वान ह्या जर्मन शास्त्रज्ञांनीं मांडला. पण नव्या पेशी कोठून येतात ह्याविषयीं त्यांची समजूत चुकीची होती. दाट पाकांत खडीसाखरेचे खडे धरावे, त्याप्रमाणें पेशीहि द्रवांतून नव्यानें जमून येतात असें त्यांना वाटे. मोठ्या नांवांची चूक मोठी होऊन बसते. पुढें कांहीं वर्षें तिला हात लावण्यास फारसें कोणी धजलें नाहीं.

हात लावला तो रॉबर्ट रेमाक ह्यानें. हा १८१५ मध्यें पोझेन येथें जन्मलेला ज्यू. प्रशियाच्या विद्यापीठांत धर्मांतर न करणाऱ्या ज्यूस प्राध्यापकाची जागा मिळत नसे, आणि रेमाकनें धर्मांतर केलें नाहीं. कोंबडीच्या गर्भाच्या रक्तांत त्यानें १८४१ मध्यें पेशी दुभंगतांना पाहिल्या. एवढ्यावर त्याचें समाधान झालें नाहीं. आणखी दहा वर्षें तो बेडकाचीं अंडीं व गर्भ तपासत राहिला आणि १८५२ मध्यें त्यानें निःशंकपणें सांगितलें कीं, प्राण्यांच्या सर्व पेशी पूर्वीच्या पेशी दुभंगूनच निर्माण होतात; द्रवांतून पेशी जमते ही कल्पना खोटी आहे. तीन वर्षांनीं त्याच शहराशीं निकटचा संबंध असलेल्या रुडोल्फ फिर्खो ह्यानें हेंच मत एका सुटसुटीत लॅटिन वचनांत गोंविलें, आणि १८५८ मधील आपल्या विख्यात व्याख्यानांनीं तें जगभर पोंचविलें. वचन फिर्खोचें म्हणून प्रसिद्ध झालें. त्यांत रेमाकचें नांव कोठें आलें नाहीं. रेमाकला १८५९ मध्यें दुय्यम प्राध्यापकपद मिळालें, आणि १८६५ मध्यें तो वारला. शास्त्राच्या इतिहासांत सत्य कधीं बुडत नाहीं असें म्हणतात तें खरें असेल. परंतु तें सांगणारा माणूस मात्र पुष्कळदां बुडतो.

यानंतर सूक्ष्मदर्शक यंत्रें सुधारलीं आणि कृत्रिम रंगांचा शोध लागला. कील येथील वाल्थर फ्लेमिंग ह्यानें सॅलॅमँडर नांवाच्या उभयचर प्राण्याच्या पिलांच्या पेशी अशा रंगांनीं रंगवून केंद्रकांतील धाग्यांची हालचाल टप्प्याटप्प्यानें टिपली. १८८२ मध्यें त्याचा मोठा ग्रंथ निघाला; 'मायटोसिस' हा शब्द त्याचाच. गुणसूत्रें जाड होतात, मध्यावर ओळीनें उभीं राहतात, सूत कातण्याच्या चातीसारख्या दिसणाऱ्या तर्कूच्या तंतूंना धरून दोन टोकांकडे ओढलीं जातात. हें सर्व इतकें मनोहर होतें कीं, अभ्यासकांची दृष्टि त्यावरून हलेना. लग्नांत सर्वांचें लक्ष नवरा-नवरीकडे असतें. मांडव कोणीं उभारला हें कोणी विचारीत नाहीं. पेशीचें अंग दुभंगण्याच्या क्रियेला १८८७ मध्यें अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स ओटिस व्हिटमन ह्यानें 'सायटोकायनेसिस' असें स्वतंत्र नांव दिलें. नांव मिळालें, पण कारण मिळालें नाहीं.

कारणाविषयीं मुख्यतः तीन तर्क होते. पहिला असा कीं, तर्कूच्या दोन टोकांशीं किरणांच्या ताऱ्यासारखी जी रचना दिसते, त्या दोन ताऱ्यांच्या वाढीनें पेशी लांबट होते आणि मध्यें चेपली जाते. दुसरा असा कीं, पेशीचीं दोन टोकें पसरतात, त्यांचा पृष्ठभाग वाढतो, आणि तो वाढीव भाग मध्यें घडीसारखा आंत शिरतो. तिसरा असा कीं, मध्यावरील पट्टाच स्वतः आंवळतो. तिन्ही तर्क कागदावर सारखेच खरे वाटत. आंतून ढकलल्यानें, टोकें पसरल्यानें, किंवा कंबर आवळल्यानें, कोणत्याहि रीतीनें आकृति तीच दिसणार! तेव्हां नुसतें पाहून हा निकाल लागणें शक्य नव्हतें. पेशीला हात घालणेंच प्राप्त होतें.

ह्या कामास सी-अर्चिन नांवाचा काटेरी कवचाचा सागरी प्राणी फार उपयोगी पडला. त्याचीं अंडीं कांचेसारखीं स्वच्छ असतात, हजारोंनीं मिळतात आणि सर्व जवळजवळ एकाच वेळीं दुभंगतात. १९३० नंतरच्या दशकांत डग्लस मार्सलँड ह्या अमेरिकन संशोधकानें असल्या अंड्यांवर पाण्याचा प्रचंड दाब देऊन पाहिला. दाब पुरेसा वाढविला कीं पडलेली खांच मावळे व अंडें पुन्हां गोल होई. दाब काढला कीं कांहीं वेळानें खांच परत येई. दाबानें पेशीच्या सालीखालचा घट्ट थर पातळ होत असे. म्हणजे खांचेचें बळ त्या थराच्या घट्टपणांत आहे, असें अनुमान त्यानें काढलें. हा तिसऱ्या तर्काला पहिला भक्कम आधार होता.

जपानमध्यें मिसाकी येथील समुद्रकांठच्या प्रयोगशाळेंत कात्सुमा दान हे ह्याच प्रश्नाच्या मागें होते. त्यांची पत्नी जीन ही अमेरिकन आणि स्वतः जीवशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धांत ती प्रयोगशाळा जपानी आरमारानें ताब्यांत घेतली आणि तेथें लहान पाणबुड्यांचा तळ केला. १९४५ मध्यें जपान शरण गेल्यावर अमेरिकन सैनिक ती जागा उद्ध्वस्त करतील हें दान ह्यांनीं ओळखलें. त्यांनीं इंग्रजींत एक चिठ्ठी लिहून दारावर लावली. ही जागा साठ वर्षांहून जुनी शास्त्रशाळा आहे. यंत्रें व शस्त्रें खुशाल मोडा, पण आमचें अभ्यासाचें साहित्य राहूं द्या, असा तिचा आशय होता. खालीं सहीच्या जागीं नांव नव्हतें. शेवटीं निघून जाणारा मी, एवढेंच लिहिलें होतें. त्या चिठ्ठीनें प्रयोगशाळा वांचली. ती चिठ्ठी पुढें अमेरिकेंतील वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेकडे गेली. दान ह्यांचा कल पहिल्या तर्काकडे, म्हणजे ताऱ्यांच्या ढकलण्याकडे, होता. तो पुढें टिकला नाहीं. पण प्रश्न जिवंत ठेवणाराचें ऋण उत्तर सांपडणाराच्या ऋणापेक्षां कमी नसतें.

तो तर्क खोडला गेला तोहि जपानमध्येंच. १९५६ मध्यें हिरामोतो ह्यांनीं सी-अर्चिनच्या अंड्यांतून अतिसूक्ष्म नळीनें तर्कू व तारे हा सगळा सरंजाम ओढून बाहेर काढला. काम फार लवकर केलें तर अंडें दुभंगत नसे. पण गुणसूत्रें अलग होण्याच्या सुमारास किंवा त्यानंतर केलें, तर आंत कांहीं शिल्लक नसतांहि खांच बिनचूक पडे! म्हणजे तर्कूकडून पृष्ठभागाला केवळ निरोप जातो. निरोप पोंचल्यावर निरोप्या मेला तरी काम अडत नाहीं. काम करणारा पृष्ठभागांतच बसलेला आहे.

निरोप धाडतो तरी कोण? गुणसूत्रें, कीं तर्कू, कीं ते दोन तारे? हें ठरविण्यासाठीं रे रॅपापोर्ट ह्यानें १९६१ मध्यें जो प्रयोग प्रसिद्ध केला, तो साधेपणांत शास्त्राच्या इतिहासांतील उत्तम प्रयोगांत गणला जातो. सँड डॉलर म्हणून नाण्यासारखा चपटा, सी-अर्चिनचाच एक भाऊबंद आहे. त्याचें अंडें घेऊन रॅपापोर्टनें त्याच्या मधोमध कांचेची एक बारीक गोळी दाबून बसविली, तों अंड्याचा आकार मेदुवड्यासारखा झाला. मध्यें भोंक, भोंवतीं कडें. पहिल्या विभाजनाच्या वेळीं तर्कू कड्याच्या एका बाजूला होता. खांच तेवढीच बाजू कापूं शकली, आणि वड्याची नाल झाली. त्या घोड्याच्या नालेच्या दोन टोकांकडे एकेक केंद्रक होतें. दुसऱ्या वेळीं दोन्ही केंद्रकांपाशीं एकेक तर्कू तयार झाला आणि प्रत्येकाच्या मध्यावर खांच पडली, हें अपेक्षितच होतें. पण त्याशिवाय नालेच्या वांकावर, जेथें तर्कू नव्हता, गुणसूत्रें नव्हतीं, केवळ दोन शेजारी तर्कूंचे दोन तारे समोरासमोर आले होते, तेथेंहि तिसरी खांच पडली. गुणसूत्रांतून कांहीं द्रव्य सुटून टोकें पसरतात ह्या कल्पनेला ह्या रिकाम्या जागीं पडलेल्या खांचेनें फार मोठा धक्का दिला. पुढें १९६७ मध्यें रॅपापोर्टनें खांचेच्या वाटेंत कांचेच्या लवचिक सुया धरल्या. खांच आंवळली तशा सुया वांकल्या, आणि वांकण्यावरून तिच्या ओढीचें माप काढतां आलें. तिसरा तर्क आतां अनुभवाचा विषय झाला होता.

तरीहि ओढणारी दोरी कोणीं पाहिली नव्हती. ती दिसण्यास दोन गोष्टी जुळून याव्या लागल्या. एक, स्नायूंचें ज्ञान. हंगेरींतील सेगेड येथें सेंट-द्यर्द्यी ह्यांच्या प्रयोगशाळेंत, युद्धाच्या धामधुमींतच, स्ट्राउब ह्यानें १९४२ मध्यें ॲक्टिन हें प्रथिन वेगळें केलें. ॲक्टिन आणि मायोसिन हीं दोन प्रथिनें एकत्र आलीं व त्यांना एटीपी हें पेशीचें इंधन मिळालें, कीं तीं आकुंचन पावतात. ह्याच्याच जोरावर आपला हात उचलला जातो. दुसरी गोष्ट म्हणजे शरीराबाहेर कांचेच्या भांड्यांत पेशी वाढविण्याची कला.

ह्या कलेचा आरंभहि बेडकापासूनच झाला. १९०७ मध्यें रॉस हॅरिसन ह्यानें बेडकाच्या गर्भांतील मज्जातंतूंचा भाग लसिकेच्या थेंबांत जिवंत ठेवून वाढविला. पण माणसाच्या पेशी कांचेंत अखंड वाढत्या ठेवणें पुढें चाळीस वर्षें साधलें नाहीं. तें साधलें १९५१ मध्यें, बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत. हेन्रिएटा लॅक्स ही एकतीस वर्षांची पांच मुलांची आई गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगानें आजारी होती. तिच्या गांठीचा एक तुकडा जॉर्ज गाय ह्या संशोधकाकडे गेला, आणि त्यांतील पेशी वाढूं लागल्या त्या थांबेनात. ती स्वतः त्याच वर्षीं ४ ऑक्टोबरला वारली. तिच्या नांवांतील अक्षरांवरून 'हेला' म्हटलेल्या त्या पेशी जगांतील प्रयोगशाळांत पसरल्या. तिला कोणीं विचारलें नव्हतें, आणि तिच्या घरच्यांना ही गोष्ट वीस वर्षांनंतर कळली. रेमाकचें नांव जसें वचनांतून गळलें, तशी हिची संमति ह्या यशांतून गळली. इतिहास सांगतांना दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत.

ह्याच जॉर्ज गाय ह्यांच्या प्रयोगशाळेंत ही कला शिकून आलेल्या शास्त्रज्ञांत डॉ. कमल रणदिवे ह्या होत्या. पूर्वाश्रमींच्या कमल समर्थ. जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७ चा. वडील फर्ग्युसन महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकवीत. हुजूरपागेंतील व फर्ग्युसनमधील शिक्षणानंतर त्यांनीं पुण्याच्या शेतकी महाविद्यालयांतून १९४३ मध्यें एम्. एस्सी. केलें, आणि त्यासाठीं घेतलेला विषय म्हणजे सीताफळ-रामफळाच्या कुलांतील वनस्पतींचीं गुणसूत्रें. मध्यें भिंत घालून वांटणी करणाऱ्या पेशींपासून त्यांचा अभ्यास सुरू झाला. मुंबईस आल्यावर टाटा मेमोरियल रुग्णालयांत डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांच्या हाताखालीं त्यांनीं कर्करोगाचें काम हातीं घेतलें, आणि १९४९ मध्यें मुंबई विद्यापीठाची पीएच्. डी. मिळविली. बाल्टिमोरहून परतल्यावर त्यांनीं मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत पेशी-संवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. ह्या देशांतील ती पहिली मानली जाते.

अशी प्रयोगशाळा चालविणें म्हणजे अर्भक सांभाळणें होय. पेशींना शरीराइतकी ऊब पाहिजे, ताजें अन्न पाहिजे, आणि हवेंतील एक जंतूहि त्यांत पडतां कामा नये. हें पथ्य पाळलें, म्हणजे भांड्याच्या तळाशीं चिकटून पसरलेली पेशी विभाजनाच्या वेळीं गोल होऊन वर उठलेली, तिची कंबर बारीक झालेली आणि मग दोन पेशी पुन्हां तळाशीं पसरलेल्या, असें सगळें नाटक सूक्ष्मदर्शकाखालीं दिसतें. विभाजनाची दोरी डॉ. रणदिवे ह्यांनीं शोधून काढली असें नव्हे. त्यांचा प्रश्न त्याच्या शेजारचा, पण अधिक जिव्हाळ्याचा होता: थांबावयाचें तेथें पेशी थांबत कां नाहींत? उंदरांतील स्तनाच्या कर्करोगावर त्यांनीं आनुवंशिकता, अंतःस्राव व विषाणू ह्या तिन्ही अंगांनीं काम केलें. १९७३ मध्यें त्यांनीं सहकारी शास्त्रज्ञ स्त्रियांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघ स्थापला, १९८२ मध्यें त्यांना पद्मभूषण मिळालें, आणि २००१ मध्यें त्यांचें निधन झालें.

आतां त्या दोरीकडे वळूं. १९६८ पासून टॉमस श्रोडर ह्यानें इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें विभाजनाच्या खांचेचे काप तपासण्यास आरंभ केला. पेशीच्या पातळ सालीला लागून, आंतल्या बाजूनें, अत्यंत बारीक तंतूंचा एक पट्टा कंबरेभोंवतीं वेढा घालून बसलेला त्याला दिसला. सी-अर्चिनच्या अंड्यांत त्याची रुंदी सुमारें ८ मायक्रॉन व जाडी अवघी ०.२ मायक्रॉन भरली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हेला पेशींतहि तसाच पट्टा सांपडला, आणि त्याचे तंतू ॲक्टिनचे आहेत हें १९७३ मध्यें सिद्ध झालें. १९७६ मध्यें फुजिवारा व पोलार्ड ह्यांनीं चमकणाऱ्या प्रतिपिंडांच्या साहाय्यानें माणसाच्या पेशीच्या खांचेंत मायोसिनहि गोळा झालेलें दाखविलें. पुढच्याच वर्षीं माबुची व ओकुनो ह्या जपानी संशोधकांनीं ताराम्याशाच्या अंड्यांत मायोसिनला निकामी करणारें प्रतिपिंड टोंचलें, तेव्हां केंद्रकें दुभंगत राहिलीं, पण अंड्याचें अंग दुभंगेना. दागिन्यांची वांटणी झाली, घर मात्र एकच राहिलें! जें स्नायूंत आहे, तेंच येथें आहे, ह्याविषयीं संशय उरला नाहीं.

म्हणजे आजीच्या पानसुपारीच्या बटव्याला जशी नाडी असते, तशीच नाडी दुभंगणाऱ्या पेशीच्या कंबरेला असते. नाडी ओढली कीं बटव्याचें तोंड मिटतें. फरक एवढाच कीं, बटव्याची नाडी ओढल्यावर उरलेला दोरा बाहेर लोंबतो. पेशीची नाडी मात्र आखूड होत असतां जाड होत नाहीं. जसजशी ती आंवळते तसतशी ती स्वतःला उकलून टाकीत जाते, आणि काम संपतांना नाहींशी होते. दुसरा फरक असा कीं, ती अगोदर शिवलेली नसते. गुणसूत्रें अलग झाल्यावर तर्कूच्या सूक्ष्म नलिकांकडून मध्यावरील पृष्ठभागाला खूण मिळते, तेथें 'ऱ्हो' नांवाचें प्रथिन जागें होतें, आणि मग त्या जागेवरच नाडी विणली जाते. रॅपापोर्टच्या रिकाम्या वांकावर खांच कां पडली, ह्याचें मर्म ह्या खुणेंत आहे.

नाडी पूर्ण आंवळली तरी दोन पेशी लगेच सुटत नाहींत. त्यांच्यामध्यें एक बारीकसा पूल राहतो, आणि त्या पुलाच्या मध्यावर एक दाट गांठ असते. ती फ्लेमिंगनें १८९१ मध्येंच पाहिली होती. नाळ कापल्याखेरीज जसें मूल वेगळें होत नाहीं, तसा हा पूल तुटल्याखेरीज विभाजन पुरें होत नाहीं. तो तोडण्याचें काम करणाऱ्या प्रथिनांची ओळख २००७ मध्यें पटली. आणि एड्सचा विषाणु पेशींतून बाहेर पडतांना हींच प्रथिनें वापरतो, हें पाहून संशोधकहि चकित झाले.

ही वांटणी अर्धवट राहिली तर काय होतें? कांहीं ठिकाणीं कांहीं बिघडत नाहीं. आपल्या यकृतांत दोन केंद्रकांच्या कितीतरी पेशी सुखानें नांदतात. पण कांहीं ठिकाणीं फार बिघडतें. दुप्पट गुणसूत्रांची पेशी पुढच्या वेळीं दुभंगतांना हिशेब चुकण्याचा संभव असतो. असल्या चुकलेल्या हिशेबांत कर्करोगाचें मूळ असावें, असें थिओडोर बोव्हेरी ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १९१४ मध्येंच सुचविलें होतें. २००५ मध्यें बोस्टन येथील संशोधकांनीं उंदरांच्या कांहीं पेशींत अंग दुभंगण्याची क्रिया मुद्दाम अडविली. त्या पेशींत गांठीला आळा घालणारें पी-५३ हें प्रथिन अगोदरच नव्हतें. अशा दुप्पट पेशींपासून उंदरांत गांठी झाल्या. नीट दुभंगलेल्या तशाच पेशींपासून झाल्या नाहींत. बेडकाच्या अंड्यावरची खांच आणि खानोलकर-रणदिवे ह्यांच्या प्रयोगशाळेंतील प्रश्न, हे दोन धागे येथें एकमेकांस मिळाले.

तरी प्रकरण मिटलें असें समजूं नये. १९८७ मध्यें दोन ठिकाणच्या संशोधकांनीं एका बुळबुळीत, मातींत राहणाऱ्या सूक्ष्म जीवांतून मायोसिनच काढून घेतलें. द्रवांत तरंगत ठेवल्या असतां त्या पेशी दुभंगेनात व अनेक केंद्रकांच्या होऊन फुगल्या. पण पृष्ठभागावर चिकटूं दिल्यावर त्यांचीं दोन टोकें विरुद्ध दिशांना सरपटत गेलीं, आणि ओढाताणींत पेशी मधोमध फाटली! भावाभावांनीं नाडीची वाट न पाहतां घरच ओढून तोडावें, तसा हा प्रकार. निसर्ग एका कामाला एकच वाट ठेवीत नाहीं, एवढें त्यावरून दिसतें.

तेव्हां येत्या मृगांत पारशिवनीकडे, किंवा आपल्याच गांवच्या एखाद्या डबक्यापाशीं, पहांटे जाण्याचा योग आला तर एक वाटी व एक भिंग बरोबर असूं द्यावें. मुलांना काळ्या माथ्यावरची ती पहिली सुरकुती दाखवावी, आणि आंत एक नाडी आंवळली जात आहे हें सांगावें. ती नाडी शोधून काढावयास किती माणसें लागलीं, आणि त्यांतील किती जणांचीं नांवें मागें राहिलीं, हेंहि सांगावें. पाहून झालें कीं अंडीं पुन्हां डबक्यांत सोडावीं. त्यांचें काम तोंवर कोठें सुरू झालेलें असतें.